असू दे, जाऊ दे, अरेरे: सुवोनमधल्या मुलांना सिजो शिकवताना

पहिल्या शनिवारी वर्ग सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता, तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलीचा कागद फाटला. एकच चौकट तिनं पाच-सहा वेळा खोडून पुन्हा भरली होती. चौकटीत चार अक्षरं बसवायची होती आणि तिच्या मनातला शब्द पाच अक्षरांचा होता. ती रडली नाही. फाटलेल्या जागेकडे जरा वेळ बघत बसली आणि मग शेजारच्या मुलाला म्हणाली, "मला वाटलं होतं, आज कविता आहे."

सिजो या छोट्या कोरियन काव्यप्रकाराची अक्षरं मोजायचा, चौकटींचा तो तक्ता माझा होता. दोन रात्री बसून, रंगीत पेनं वापरून केलेला. हे प्रकरण त्या तक्त्यापासून सुरू होतं. पुढच्या पाच शनिवारांत तो कसा बाजूला पडला आणि त्याच्या जागी काय आलं, हे मी सविस्तर मांडते आहे. परक्या भाषेतला काव्यप्रकार मुलांपुढे ठेवणाऱ्या कुणालाही याच खड्ड्यात पाय घालायचा मोह होतो, मग वर्ग सुवोनमध्ये असो की सांगलीत.

जागा आणि मुलं

सुवोन हे सोलच्या दक्षिणेला, ग्यॉन्गी प्रांतातलं मोठं शहर. राजा जॉन्गजोनं १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतलेला ह्वासॉन्ग किल्ला ही त्याची जुनी ओळख आणि सॅमसंगचं आवार ही नवी. या नव्या ओळखीमुळे इथे भारतीय कुटुंबं आहेत, त्यांत काही मराठी. आमच्या संकुलात तळमजल्यावर एक खोलीभर वाचनालय आहे. कोरियात वस्तीवस्तीत अशी वाचनालयं असतात, त्यांना 'जागुन दोसॉग्वान', म्हणजे छोटं ग्रंथालय असंच म्हणतात. बूट दाराशी काढायचे, आत जमीन खालून तापवलेली, मुलं पालथी पडून वाचतात. ते सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. मुलं त्यांना 'सॉन्सेंग्निम', म्हणजे शिक्षिका, म्हणतात, म्हणून मीही.

हिवाळी सुट्टीतले सहा शनिवार, प्रत्येकी दीड तास. नऊ मुलं, वय आठ ते बारा. पाच जणांचे आईवडील दोघंही कोरियन, एका मुलीची आई व्हिएतनामची (कागद फाटला ती हीच), आणि तीन मराठी: माझी मुलगी आणि शेजारच्या इमारतीतली भाऊ-बहीण. सगळीच कोरियन शाळेत जाणारी, त्यामुळे वर्गाची भाषा कोरियन. खोलीत सगळ्यांत कच्चं कोरियन माझं. इथे येण्याआधी आठ वर्षं मी मराठी शिकवत होते, एवढीच माझी पुंजी. भाषा सॉन्सेंग्निमनी सांभाळायची आणि लिहायला मी बसवायचं, अशी आमची वाटणी होती.

कोरियन मुलांना सिजो अगदी नवा नव्हता. शाळेत भेटतो, पाठ करून घेतला जातो, वरच्या वर्गांत त्यावर प्रश्न येतात. म्हणूनच मोठ्या मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी तो ओळखीचा कंटाळा होता. आपल्याकडे 'चला, आता वृत्त ओळखा' म्हटल्यावर दिसतो तसा.

तीन ओळींत काय असतं

सिजो हा कोरियाचा स्वतःचा छोटा काव्यप्रकार. गोर्यो राजवटीच्या अखेरीस, चौदाव्या शतकात तो आकाराला आला आणि त्यानंतरच्या जोसॉन राजवटीच्या काळात बहरला. त्याच्या फक्त तीन ओळी: छोजांग, जुंगजांग, जोंगजांग, म्हणजे पहिली, मधली, शेवटची. प्रत्येक ओळीत चार टप्पे, दोन टप्प्यांनंतर श्वासाला जागा. तीन ओळी, सहा अर्ध्या, बारा टप्पे असा हिशोब कोरियन विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. नमुन्याची मोजणी अशी असते: पहिल्या दोन ओळींत तीन-चार-तीन-चार, किंवा तिसरा टप्पाही चारचा, शेवटच्या ओळीत तीन-पाच-चार-तीन. एकूण साधारण ४५ अक्षरं. हांगुल लिपीत एक उच्चारखंड म्हणजे एक ठोकळा, त्यामुळे अक्षरं डोळ्यांनी मोजता येतात. आणि इथेच मी फसले.

एक सिजो जवळून बघू. नाम गु-मान (१६२९ ते १७११) हे जोसॉन दरबारातले मोठे मंत्री. त्यांचा हा सिजो कोरियात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे:

दोंगछांगी बाल्गान्नुन्या नोगोजिरी उजिजिन्दा
सो छिनुन आइनुन सांगी आनी इरॉन्नुन्या
जे नॉमॉ सारे गिन बाथुल ऑन्जे गाल्ल्यॉ हानानी

पूर्वेची खिडकी उजळली का, चंडोल किलबिलतो आहे. गुरं राखणारा पोरगा अजून उठला नाही का? टेकडीपलीकडचं ते लांब लांब तासांचं शेत, नांगरणार तरी कधी?

पहिल्या दोन ओळींत आपण घरातच आहोत. खिडकी, पाखराचा आवाज, अंथरुणातला पोरगा. तिसरी ओळ सुरू होते 'जे नॉमॉ' या तीन अक्षरांनी, म्हणजे 'टेकडीपलीकडे'. तीन अक्षरांत नजर घराबाहेर पडते, टेकडी ओलांडते आणि समोर लांबच लांब शेत पसरतं. त्या शेतासाठीचा टप्पा, 'सारे गिन बाथुल', पाच अक्षरांचा आहे. शेत लांब, टप्पाही लांब. सिजोचा जीव या वळणात आहे, आणि माझ्या तक्त्यात नेमकं तेच कुठे दिसत नव्हतं. तिथे बारा सारख्या चौकटी होत्या.

तक्ता आणि उ थाक

पहिल्या शनिवारी मुलांनी काय लिहिलं, ते मी जपून ठेवलं आहे. 'सकाळी उठलो, दात घासले, भात खाल्ला, बाहेर थंडी होती', अशा बारा चौकटी. शेवटच्या ओळीतही पहिल्या ओळीसारखंच काहीतरी: 'मग झोपलो.' पाचवीतल्या एका मुलानं एक लांब शब्द मधोमध तोडून दोन चौकटींत घातला. अक्षरं बरोबर, शब्दाचे तुकडे. मी त्याला चूक म्हणू शकले नाही, कारण नियम त्यानं पाळला होता.

त्या रात्री घरी पुढच्या वर्गासाठी उ थाकचा सिजो तक्त्यात भरून बघत होते. उ थाक हा गोर्यो काळातला विद्वान, १३४२ मध्ये वारला. जे सर्वांत जुने सिजो सांगितले जातात, त्यांत त्याच्या कविता येतात. त्याची कल्पना अशी: एका हातात काठी, दुसऱ्या हातात काटे. म्हातारपणाची वाट काट्यांनी अडवीन, येणारे पांढरे केस काठीनं हाकलीन म्हटलं. तर पांढऱ्या केसांना आधीच कळलं, ते मधल्या वाटेनं आले.

पहिली ओळ तक्त्यात नीट बसली, पंधरा अक्षरं. मधली ओळ बसेना. मी दोनदा मोजली. तीन, पाच, चार आणि सात, एकोणीस अक्षरं. शेवटचा टप्पा चौकटीबाहेर येऊन समासात गेला. माझ्या तक्त्यानं उ थाकलाच नापास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सॉन्सेंग्निमना हे दाखवलं तर त्या हसल्या. कोरियन अभ्यासकांना ही गोष्ट जुनीच आहे. अक्षरसंख्या सैल असते, एखाद-दुसरं, कधी तीन-चारही अक्षरं इकडेतिकडे होतात. टिकतो तो चार टप्प्यांचा ठेका. अक्षरांच्या बाबतीत जवळजवळ न हलणारी जागा एकच: शेवटच्या ओळीचा पहिला टप्पा. तो तीनच अक्षरांचा. त्याच्या पाठोपाठ येणारा टप्पा पाच किंवा त्याहून लांब. म्हणजे जिथे कविता वळते तिथेच नियम कडक आहे, बाकी सगळीकडे श्वासापुरती मोकळीक आहे. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. मुलांपुढे उभी राहिले तेव्हा मात्र मी बाराही टप्प्यांवर सारखाच पहारा बसवला.

कागदाच्या पट्ट्या

दुसऱ्या शनिवारी तक्ता नेलाच नाही. पाच जुन्या सिजोंच्या फक्त शेवटच्या ओळी मोठ्या अक्षरांत पट्ट्यांवर लिहून नेल्या आणि उबदार जमिनीवर पसरल्या. नाम गु-मानची टेकडी. उ थाकचे पांढरे केस. यांग सा-ऑनचा (१५१७ ते १५८४) डोंगर: थेसान पर्वत उंच खरा, पण आभाळाखालचाच एक डोंगर, चढत राहिलं तर चढता न येण्यासारखं काही नाही, माणूस स्वतः चढत नाही आणि डोंगर उंच म्हणतो. युन सॉन-दोचे (१५८७ ते १६७१) पाच मित्र, म्हणजे पाणी, खडक, पाइन, बांबू आणि चंद्र. त्याच्या शेवटच्या ओळीत तो म्हणतो, असू दे, या पाचांपलीकडे आणखी जोडून काय करायचं? आणि गिल जेची ती ओळ, जी सुस्काऱ्यानंच सुरू होते.

मी काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "यांच्यात सारखं काय आहे?"

मुलं अर्थात शोधायला लागली. एक म्हणाला, सगळे म्हातारे आहेत. दुसरा म्हणाला, सगळ्यांना कसलं तरी वाईट वाटतंय. कागद फाटलेली मुलगी मात्र पट्ट्यांवरून बोट फिरवत होती. तिला मोजायची सवयच आहे. जिने चढतानाही पायऱ्या मोजते. ती म्हणाली, "सुरुवातीला तीन. सगळ्यांना तीन." मग तिनं प्रत्येक पट्टीवर तिसऱ्या अक्षरानंतर नखानं रेघ ओढली. जेनॉमॉ. बेक्बारी. सारामी. दुऑरा. ऑजुबॉ.

तिनं नियम शोधला होता आणि म्हणून तो तिचा झाला. पुढचे चार आठवडे कुणी चार अक्षरांनी तिसरी ओळ सुरू केली की तीच टोकायची. मला तोंड उघडावं लागलं नाही.

यातले शेवटचे दोन शब्द बघण्यासारखे आहेत. 'दुऑरा' म्हणजे राहू दे, असू दे. 'ऑजुबॉ' हा खंत व्यक्त करणारा जुना उद्गार. असेच 'आहिया', म्हणजे 'अरे पोरा', हेही जुन्या सिजोंत पुन्हापुन्हा येतं. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी कवी असा एक छोटा हुंकार देतो आणि त्यावर टाच टेकवून वळतो. घरी मुलीला हे मराठीत सांगताना तिनंच पहिला शब्द टाकला: "असू दे." मोजलं, तीन. जाऊ दे, तीन. राहू दे, तीन. अरेरे, तीन. बाळा रे, तीन. त्या संध्याकाळी भांडी घासताना आम्ही दोघी तीन अक्षरांचे मराठी हुंकार गोळा करत होतो: थांब ना, बघ की, चला रे, अरे हो. आपल्या बोलण्यात वळणाचे शब्द इतके आहेत, हे मला मराठी शिकवतानाही कधी जाणवलं नव्हतं.

न म्हटलेली तीन अक्षरं

तिसऱ्या शनिवारी चौथीतल्या एका मुलाचे आजोबा आले. त्यांना सिजो गाता येतो असं नातवानं सांगितलं होतं. सिजो मुळात गाण्याचाच. १७२८ मध्ये किम छॉन-थेकनं 'छॉन्गगु यॉन्गऑन' हा ५८० रचनांचा संग्रह केला, तोही गायचे बोल म्हणून. 'सिजो' हे नाव सुरुवातीला चालीचं होतं, तीन ओळींच्या रचनेला ते नंतर चिकटलं. कवितेला एक चाल असते असं आपण म्हणतो, इथे चालीलाच कविता मिळाली.

आजोबा मांडी घालून बसले आणि गुडघ्यावर हातानं ताल धरला. एरवी साथीला जांगगू हा दोन तोंडांचा ढोल असतो, तो नसला की गुडघा पुरतो. त्याला नावही आहे, 'मुरुप जांगदान', गुडघ्याचा ताल. पाच मात्रा, मग आठ, आठ, पुन्हा पाच, आठ. गात होते यांग सा-ऑनचा डोंगर. एकेक अक्षर इतकं लांब, की मुलांना आधी शब्द सापडेचनात. दोघं खुदखुदली, सॉन्सेंग्निमनी डोळे वटारले. मग ती आपोआप गप्प झाली, कारण आजोबांना घाई नव्हती. एका अक्षरावर आवाज थरथरत, खाली उतरत, पुन्हा सावरत राहायचा आणि हात गुडघ्यावर पडायचा तोच क्षण अक्षर संपल्याची खूण.

शेवटच्या ओळीत 'डोंगर उंच' इथवर आले आणि थांबले. हात मांडीवर ठेवला. संपलं.

नातू ओरडला, "हाराबॉजी, 'हादॉरा' राहिलं!"

'हादॉरा', म्हणजे 'असं म्हणतो', हा त्या ओळीचा शेवटचा टप्पा. आजोबा म्हणाले, "ते म्हणायचं नसतं." नातवाला ते पटलं नाही. आजोबांनी पुढे सांगितलं, "पण तू म्हटलंस की."

सिजो गाताना शेवटचा टप्पा गाळतात, ही इथली रूढ पद्धत आहे. तो काव्यात लिहिलेला असतो, गाण्यात नसतो. कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. मुलांच्या दृष्टीनं घडलं ते एवढंच, की शेवटची तीन अक्षरं प्रत्येकाच्या तोंडात तयार होती आणि ती आजोबांनी त्यांच्याकडेच राहू दिली. त्यानंतरचा अर्धा तास मुलं एकमेकांना सिजो म्हणून दाखवत शेवटचा टप्पा गिळत होती आणि समोरच्यानं तो भरायचा होता. मी काहीही शिकवलं नसतं तरी चाललं असतं असा तो अर्धा तास.

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही, की हा शनिवार तिसरा होता. तो पहिला असायला हवा होता.

घर एक की दोन

आता एक अडचण सांगते, जी फक्त आमच्या तीन मराठी मुलांची होती, पण मला तिच्यातून सर्वांत जास्त शिकायला मिळालं.

कोरियनमध्ये 'बाम' म्हणजे रात्र. (चेस्टनटलाही तेच नाव, मुलांना याची फार मजा वाटते.) हांगुलमध्ये हा एकच ठोकळा, एकच अक्षर. देवनागरीत लिहिला की बा आणि म, दोन दिसतात. 'दोंगछांगी' हा शब्द कोरियन कानाला तीन अक्षरांचा. देवनागरीत डोळ्यांनी मोजला तर चार होतात. मुलांनी मराठीत सिजो लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीत भांडण झालं. शेजारचा मुलगा म्हणाला, 'घर' हे एक. तोंडानं म्हणताना टाळी एकच पडते. माझी मुलगी म्हणाली, "दोन. आजी अभंग म्हणते तेव्हा दोन पडतात."

दोघांचंही खरं होतं. बोलताना आपण 'घर्' म्हणतो. अभंगात शेवटचा अ जिवंत होतो. मी तुकोबांची ओळ म्हणून दाखवली: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. सहा, सहा, सहा, चार. 'ध्यान'मधला न मोजला नाही तर सहा भरतच नाहीत. कोरियन मुलांना एकही शब्द कळत नव्हता, पण टाळ्या त्यांनीही धरल्या, आणि दुसऱ्या खेपेला त्यांतला एक म्हणाला, शेवटचा तुकडा छोटा आहे. बरोबर ओळखलं होतं. इथे मी दोन्ही प्रकारांचं साम्य वाढवून सांगायच्या मोहात होते, पण थांबले. अभंगाचा चरण छोटा होऊन विसावतो. सिजोची शेवटची ओळ आधी तीन अक्षरांवर झटका देते, मग पाचांवर लांबते आणि मग मिटते. चालणं वेगळं आहे.

आमचा निर्णय असा झाला: मराठीत लिहिलेल्या सिजोला मराठी कान लावायचा आणि अभंगासारखं प्रत्येक अक्षर मोजायचं. कोरियनशी ते शंभर टक्के जुळत नाही. पण मुलांच्या कानात आजीचा अभंग आधीपासून होता, त्याच्या विरुद्ध जाऊन मी काय मिळवणार होते?

मराठीला एक सोय मात्र फार चांगली आहे. कोरियन वाक्यही आपल्यासारखंच क्रियापदावर संपतं, आणि शब्दाला प्रत्ययही आपल्या विभक्तीसारखे मागून लागतात. म्हणून यांग सा-ऑनची शेवटची ओळ 'डोंगर उंच म्हणतो' अशी मूळच्याच क्रमानं मराठीत उतरते. ज्या भाषेत क्रियापद मधे येतं तिथे हा शेवटचा ठोका हलतो.

तलवार, पूल आणि आईंचे प्रश्न

चौथ्या शनिवारी ई बांग-वॉन आणि जॉन्ग मोंग-जु यांची जोडी घेतली. गोर्यो राज्य कोसळत होतं. नव्या राजवटीच्या बाजूच्या बांग-वॉननं सिजो म्हटला: असं असलं तर काय, तसं असलं तर काय, मान्सू डोंगरावरच्या वेलींसारखे आपणही गुंतून शंभर वर्षं सुखात राहू. गोर्योच्या बाजूच्या मोंग-जुनं सिजोनंच उत्तर दिलं: हा देह मरो, शंभरदा मरो, हाडांची माती होवो, माझी एकनिष्ठा ढळणार नाही. १३९२ मध्ये गेसॉन्गच्या पुलावर त्याला मारण्यात आलं. ते गेसॉन्ग आज उत्तर कोरियात आहे. त्याची कबर मात्र आमच्या शेजारच्या योंगिनमध्ये, गाडीनं जाता येईल इतकी जवळ.

मुलांनी हा प्रसंग जोरात वठवला. वह्यांच्या तलवारी झाल्या. सॉन्सेंग्निमनी त्यात एक गोष्ट घातली: हाच बांग-वॉन पुढे राजा थेजोंग झाला आणि त्याचा मुलगा सेजोंग, ज्यानं हांगुल लिपी घडवली. म्हणजे ज्याला बापानं मारवलं त्याची कविता मुलं मुलाच्या लिपीत वाचतात. खोली क्षणभर अगदी शांत झाली.

पण लिहिण्यासाठी हा नमुना कामाचा नव्हता. त्या दिवशीच्या वह्यांत सगळीकडे 'मी शंभरदा मरेन' होतं, कुणी मित्रासाठी, कुणी फुटबॉल संघासाठी. ही कविता मुलांना ऐकवावी, तिच्यावरून लिहायला सांगू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

उलट ह्वांग जिनी या जुन्या कवयित्रीचा सिजो द्यावा की नाही, यावर मी आधी कचरत होते, कारण तो प्रेमाचा आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लांब रात्रीची कंबर कापून काढते, वासंती वाऱ्याच्या पांघरुणाखाली गुंडाळून ठेवते आणि तो येईल त्या रात्री उलगडते. मी 'तो' कोण, हे सांगितलं नाही. 'ज्याची वाट बघतोय तो माणूस' एवढंच म्हटलं. मुलांनी रात्र कापडासारखी कापता येते ही गोष्ट पकडली आणि बाकीचं सोडून दिलं. त्या दिवसापासून वह्यांतल्या पहिल्या ओळी बदलल्या. दात घासणं गेलं, वस्तू आल्या.

याच सुमारास एका आईनं विचारलं, याचा शाळेत उपयोग होईल का? पुढच्या शनिवारपासून तिचा मुलगा यायचा थांबला, त्याची शिकवणी त्याच वेळेला लागली. आणखी एक जण आजारपणामुळे गळला. तिचा प्रश्न मला रास्त वाटला आणि माझ्याकडे त्याचं गुणांत मांडता येईल असं उत्तर नव्हतं.

काय लिहिलं गेलं

शेवटी सात मुलं उरली. अकरा सिजो झाले. त्यांतल्या चारांत शेवटची ओळ खरोखर वळते, बाकीच्यांत ती सुरळीत पुढे जाते. मी याला अपयश मानत नाही, पण फरक मांडायला हवा.

आजोबांच्या नातवानं सॉल्लालवर, म्हणजे चांद्र नववर्षावर लिहिलं. त्या दिवशी थॉक्गुक, तांदळाच्या चकत्यांचं सूप, खातात; एक वाटी खाल्ली की वय एकानं वाढतं असं म्हणतात. पहिल्या ओळीत तो एक वाटी खातो, मधल्या ओळीत आणखी दोन, म्हणजे लवकर मोठा होईल. तिसरी ओळ सुरू होते 'हाल्मॉनी', आजी, बरोबर तीन अक्षरं. आजी, तू नको खाऊस, तुझीही वाटी मला दे. उ थाकची काठी आणि काटे या मुलाला एका वाटीत सापडले. त्यानं ते जाणून केलं का, हे मी विचारलं नाही.

माझ्या मुलीचा मराठी सिजो असा:

आमच्या घरी रात्र, आजीकडे ऊन आहे
ती तिथे गच्चीवर कपड्यांच्या घड्या घाली
थांब ना, थोडंसं ऊन ठेव माझ्या उद्याला

कोरियाची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे. रात्री नऊला फोन लावला की तिकडे साडेपाच वाजलेले असतात. 'घाली' हे तिचं बोलणं नाही, अभंगातून आलं आहे. शेवटचं 'उद्याला' ऐकून माझा हात लाल पेनकडे गेला होता. व्याकरणाला 'उद्यासाठी' हवं. मग दुसऱ्यांदा वाचलं. 'उद्याला' म्हटल्यावर उद्या हा कुणीतरी माणूस झाला होता, ज्याच्या हातात ऊन ठेवायचं. पेन खाली ठेवलं.

तक्ता मी फेकलेला नाही. सहाव्या शनिवारी तो पुन्हा बाहेर काढला, सगळ्यांचं लिहून झाल्यावर. ज्यांना हवं त्यांनी आपली कविता त्यात भरून बघितली, कुठे सांडते आणि सांडलेलं बरं दिसतं का, हे पाहायला. उ थाकचीही त्यांनी भरून बघितली आणि त्याची मधली ओळ बाहेर आल्यावर टाळ्या पडल्या. पुढच्या हिवाळ्यात क्रम असा ठेवायचं ठरलं आहे: आधी आजोबा, मग पट्ट्या, मग रात्र कापणं, तक्ता सर्वांत शेवटी.

जिचा कागद पहिल्या दिवशी फाटला होता, ती सर्वांत शेवटी वाचायला उठली. पहिल्या ओळीत तिची आई फोनवर आपल्या बहिणीशी व्हिएतनामी बोलते आहे. दुसऱ्या ओळीत ती इतकी हसते, की तिला डोळे पुसावे लागतात, आणि दाराशी उभ्या मुलीला यातला एक शब्दही कळत नाही. दोन्ही ओळी चोख, पंधरा-पंधरा अक्षरं. तिसऱ्या ओळीत तिनं वाचलं, 'ऑम्मागा', आई, तीन अक्षरं, आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. सॉन्सेंग्निमनी हळूच विचारलं, पुढे? तिनं कागद आमच्याकडे वळवून दाखवला. पुढचे तीनही टप्पे कोरे होते, प्रत्येकाखाली पेन्सिलनं आखलेली रेघ, पाचाची लांब, चाराची जरा आखूड, तीनाची त्याहून आखूड. मग तिनं कागदाची चार पदरी घडी घातली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.